लिनक्सला चालंल का, हा त्यातला सगळ्यात सोपा प्रश्न

पत्र: नमस्कार काका. मी मानवत तालुक्यातली, बीएस्सी झाले, सध्या गावातल्या ई-सेवा केंद्रात बसते. घरी जुना थिंकपॅड आहे, ८ जीबी रॅमचा, विंडोज लई रडायलं होतं म्हणून लिनक्स मिंट टाकलं अन् आता मस्त चालतंय. मला दोन रेकॉर्डिंग करायच्यात. एक म्हणजे माझ्या आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या, ती ऐंशीच्या घरात आहे. दुसरं बाबांचं भजनी मंडळ, सात माणसं, पेटी, पखवाज, टाळ. मोबाइलवर करून बघितलं तर टाळच टाळ ऐकू येतात अन् बाबांचा आवाज सारखा वरखाली होतो. दुकानदार म्हणाला की लिनक्सला कुठलंच साऊंड कार्ड चालत नाही, आधी विंडोज टाका. पुण्याचा आतेभाऊ त्याचं जुनं फायरवायरचं (यूएसबीऐवजी वेगळ्या पोर्टात लागणारं) कार्ड दीड हजारात देतो म्हणायलाय. ऑनलाइन दोन हजारात आख्खं स्टुडिओ किट दिसतंय. माझ्याकडं १२ हजार आहेत, कापूस विकल्यावर अजून थोडे मिळतील, पण सध्या भाव नाही म्हणून तो मागच्या माळवदाच्या खोलीत भरून ठेवलाय. काय घेऊ? अन् आज्जी माइक बघितला की गप्पच होते, त्याचं काय करू?

उत्तर:

हे बघ माय, आधी त्या दुकानदाराचा विषय संपवू. त्याचं म्हणणं पंधरा-वीस वर्षांपूर्वी थोडंफार खरं होतं, आता नाही. यूएसबीवर आवाज कसा पाठवायचा याचा एक ठरलेला नियम आहे, त्याला यूएसबी ऑडिओ क्लास म्हणतात, अन् जे कार्ड, म्हणजे माइक अन् लॅपटॉपच्या मधे लागणारा डबा, तो नियम पाळतं ते 'क्लास कंप्लायंट'. असल्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमधेच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, बसलेला असतो, सीडी नाही, डाउनलोड नाही, केबल लावली की झालं. दुकानदाराकडं जी सीडी किंवा लिंक असते ती विंडोजसाठी असते, कारण गंमत अशी की ड्रायव्हर टाकायची कटकट विंडोजलाच जास्त आहे. आता खोक्यावर 'लिनक्स' असं कोणीच छापत नाही, मग ओळखायचं कसं, तर कंपनीच्या पानावर बघायचं की हे आयपॅडला चालतं का. आयपॅडमधे सहसा वेगळा ड्रायव्हर टाकत नाहीत, त्यामुळं जे तिथं चालतं ते बहुतेक क्लास कंप्लायंट असतं अन् तुझ्या मिंटवर बी चालणार, अपवाद फार थोडे. हे एवढं बघितलं की लिनक्सचा प्रश्न संपला.

अजून एक गोष्ट बघायची. कार्डावर हाताने फिरवायची बटणं आहेत का. काही महागड्या कार्डांचा गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते), फँटम (माइकला जाणारी वीज), मॉनिटर (हेडफोनात ऐकू येणारा आवाज) सगळं कॉम्प्युटरातल्या सॉफ्टवेअरमधून चालतं अन् ते सॉफ्टवेअर फक्त विंडोज-मॅकचं असतं, मग आवाज येतो पण कमीजास्त करता येत नाही. त्यामुळं साधं, खुंट्या असलेलं कार्ड घ्यायचं. फोकसराइट स्कारलेट हा यातला मधला प्रकार आहे, त्याच्या नव्या पिढ्यांमधे काही गोष्टी सॉफ्टवेअरमधे गेल्यात, पण जेफ्री बेनेट नावाच्या माणसाने त्याचा लिनक्स ड्रायव्हर लिहिलाय, तो कर्नलमधे आहे अन् त्यावर चालवायला एक खिडकीवालं ॲप पण आहे. तिसऱ्या पिढीचं नवंकोरं स्कारलेट पहिल्यांदा लावलं की ते स्वतःला पेनड्राइव्ह म्हणून दाखवतं, तेव्हा ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून केबल लावली की ते खूळ जातं. चांगलं कार्ड आहे, पण नवं तुझ्या बजेटमधे बसत नाही, अन् त्यातल्या 'सोलो'ला माइकची एकच जागा असते, तुला दोन पाहिजेत.

आता काय घ्यायचं नाही ते. आतेभावाचं फायरवायर, नको. तुझ्या लॅपटॉपला ते पोर्ट असायची शक्यता कमी, मग बाजूच्या खाचेत बसणारं कार्ड शोधा, केबल शोधा, अन् लिनक्सवर त्याला फाडो नावाचा वेगळा ड्रायव्हर अन् वर जॅक नावाचा आवाज हाताळणारा प्रोग्राम चालवावा लागतो. जमतं, जमवणारे जमवतात, पण तुला ओव्या रेकॉर्ड करायच्यात का फायरवायर जमवायचंय? फुकट दिलं तरी गोड बोलून नको म्हण.

ते दोन हजाराचं किट. त्यातला माइक बहुतेक बीएम ८०० नावाचा असतो, किंवा त्याचाच भाऊ. सोबत फिरता दांडा, जाळी, स्पंजची टोपी, सगळं दिसायला झकास. पण त्याची केबल एका टोकाला मोबाइलच्या हेडफोनसारखी बारीक पिन असते अन् ती थेट लॅपटॉपला लावायची असं दाखवतात. हा कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाज पण उचलणारा अन् वीज लागणारा माइक, अन् कंडेन्सर माइकला चालायला ४८ व्होल्ट लागतात, ज्याला फँटम पॉवर म्हणतात, लॅपटॉपच्या त्या भोकातून येतात दोन-चार व्होल्ट, मग आवाज येतो पण त्याच्या बरोबरीनं सूं-सूं पण येतं. दांड्यासाठी घ्यायचं तर घे.

सोबत ते व्ही ८ म्हणून लाइटं लावलेलं कार्ड मिळतं, टाळ्यांचा आवाज, हसण्याचा आवाज काढणारं, ते लिनक्सला चालतं सुद्धा, पण भजनाला टाळ्यांचं बटण कशाला लागतंय. यूएसबी माइक हा प्रकार वाईट नाही, बातम्या वाचायला किंवा पॉडकास्टला घ्यावा, लिनक्सवर लगेच लागतो. तुझी अडचण अशी की तुला दोन माइक पाहिजेत अन् दोन यूएसबी माइक एकाच वेळी लावले तर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं, पखवाज नसताना दोन टाळकरी जसे पाच मिनिटांनी एकमेकांपासून सरकतात तसं तासाभराच्या भजनात दोन ट्रॅक सरकतात. ते परत जुळवत बसायचं काम करू नको.

मग राहतं ते दोन माइकचं यूएसबी कार्ड. बारा हजारात दोन रस्ते आहेत अन् इथं जरा विचार करावा लागतो.

पहिला रस्ता, जो बहुतेक लोक सांगतील: कार्ड चांगलं घ्या, बेहरिंगरचं यूएमसी २०२ एचडी, दोन माइक, २४ बिट (आवाज किती बारकाईनं नोंदवला जातो त्याचं माप), धातूचा डबा, लिनक्सवाल्यांमधे वर्षानुवर्षं चालून घासून गुळगुळीत झालेलं, अन् माइक सध्या मंडळाचेच वापरा. सगळे पैसे जवळपास कार्डात जातात.

दुसरा रस्ता: कार्ड स्वस्तातलं, एम-ऑडिओचं एम-ट्रॅक ड्युओ, तेही दोन माइकचं, फँटम पॉवर आहे, डबा प्लास्टिकचा, १६ बिट. अन् उरलेल्या पैशात माइक. लोक १६ बिट ऐकलं की नाक मुरडतात. पण हिशोब करून बघ, १६ बिटमधे सगळ्यात बारीक अन् सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मिळतं, सीडी पण १६ बिटचीच असते, अन् आपल्या गावातल्या खोलीत कुत्रं, मोटार, ट्रॅक्टर, चिमण्या धरून जी 'शांतता' असते ती त्या १६ बिटच्या तळापेक्षा किती तरी वर असते. २४ बिटचा फायदा खरा आहे, लेव्हल लावताना जरा ढिलाई चालते, पण फायदा तेवढाच. माइक जर ओवीतला शब्द उचलतच नसंल तर २४ बिटात काय रेकॉर्ड होणार.

मी तुला दुसरा रस्ता सांगतो, अन् कारण आज्जी. मंडळ दर एकादशीला बसतंय, पुढच्या वर्षी बी बसंल. आज्जीचं रेकॉर्डिंग आधी झालं पाहिजे, अन् त्याला मंडळाचा माइक पुरत नाही, का ते पुढं सांगतो. सेकंडहँडमधे यूएमसी २०२ एचडी किंवा स्कारलेट २आय२ ची दुसरी पिढी त्याच पैशात मिळाली तर डोळे झाकून घे, छत्रपती संभाजीनगर, नांदेडकडं बँडवाली पोरं कार्ड बदलत असतात. फक्त लॅपटॉप सोबत घेऊन जा अन् तिथंच लावून बघ.

माइक म्हणशील तर बेहरिंगरचीच सी-२ नावाची जोडी. पेन्सिलीसारखे बारके दोन कंडेन्सर, एका खोक्यात दोन, अन् दोन्ही एका स्टँडवर बसवायची आडवी पट्टी सोबत येते म्हणजे स्टँड एकच लागतं. प्रत्येकावर एक बारकं बटण असतं, त्यात एका बाजूला खालचा घुमा, म्हणजे जाड घरघरणारा आवाज, कापायची सोय अन् दुसऱ्या बाजूला आवाज १० डेसिबलनं कमी करायची. हे दोन्ही तुझ्या कामाचं आहे, एक जात्याला अन् एक टाळाला. कार्ड सहा-सात हजार अन् जोडी पाच-सहा हजार असे ढोबळ भाव धर, सणासुदीला हजार-पाचशे इकडंतिकडं. बारा हजार इथंच संपतात, मला माहितीय. स्टँड गावातल्या मंडप-साऊंडवाल्याकडून माग, त्याच्याकडं गंजलेले का होईना दहा असतात. केबली त्याच्याकडूनच बनवून घे, ऑनलाइनपेक्षा स्वस्त पडतील.

केबलीचं नीट ऐक, इथं लई लोक फसतात. मंडळाकडं आहुजाचे माइक असतील, चांगले टिकाऊ असतात, अन् त्यांची केबल ॲम्प्लिफायरला लावायची म्हणून एका टोकाला पी-३८ ची जाड पिन असते. कार्डावर जे भोक आहे त्यात तीन टोकांची कॅनन पिन पण बसते अन् मधोमध ती जाड पिन पण बसते, त्यामुळं वाटतं की कुठलीही लावली तरी चालतंय. तसं नाही. जाड पिनची जागा गिटार नाहीतर कीबोर्डसाठी असते, तिथं माइक लावला तर आवाज लांबून कुठून तरी आल्यासारखा येतो, मग गेन फुल करावा लागतो अन् नुसती खरखर. माइक कायम कॅननने लावायचा. साऊंडवाल्याला सांग, दोन्हीकडून कॅनन पाहिजे, एकीकडून मादी एकीकडून नर, तिन्ही तारा जोडलेल्या, पाच मीटर. तो म्हणंल दोनच तारा पुरतात. तिन्ही म्हणायचं. तिसऱ्या तारेशिवाय फँटम नीट जात नाही अन् गुणगुण येते. तिन्ही तारा जोडलेल्या असल्या तर ४८ व्होल्ट चालू राहिल्याने साध्या माइकला काही होत नाही, घाबरायचं कारण नाही.

हेडफोन वायरचाच घे, कान झाकणारा. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो.

आता तुझ्या लॅपटॉपचं. कार्डाला प्रिंटरची चौकोनी तोंडाची केबल लागते, तुझ्या केंद्रात पडलेली असंल. हबमधून लावू नको, सरळ लॅपटॉपमधे लाव. मिंट २२ असंल तर आवाज सांभाळायला त्यात पाइपवायर आहे, २१ असंल तर पल्सऑडिओ, तुझ्या कामाला दोन्ही चालतात. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' टाकून घे, त्यातल्या कॉन्फिगरेशनमधे कार्डाचं नाव दिसायला लागलं की समजायचं लिनक्सने ओळखलं. दिसत नसंल तर टर्मिनलमधे 'एआरेकॉर्ड' लिहून स्पेस, मग डॅश अन् लहान एल (arecord -l). तिथं पण नाही आलं तर केबल बदलून बघ, शंभरातल्या नव्वद वेळा केबलच असते.

रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी नावाचं ॲप पुरतं, आज्जीला तर पुरून उरतं. पुढं मंडळाचे चार-सहा ट्रॅक वेगळे करायची हौस आली तर आर्डर आहे, मिंटमधे फुकट मिळतं, अन् रीपर लिनक्सवर चालतं पण ते विकतचं. जुने व्हिडिओ बघशील तर लोक आधी जॅक टाका, रिअलटाइम कर्नल टाका, उबंटू स्टुडिओ टाका म्हणून सांगतात. ते सगळं वाजवता वाजवता कॉम्प्युटरातून परत आवाज ऐकायचा असंल त्यांच्यासाठी आहे. तुला कार्डावरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबायचंय, माइकचा आवाज कॉम्प्युटरात न जाता सरळ हेडफोनला येतो, उशीर नाहीच.

दोन गोष्टींनी तू नक्की दचकणार आहेस म्हणून आधीच सांगतो. पहिली, एकच माइक लावला तर आवाज एकाच कानात येईल. कार्ड खराब नाही. पहिला माइक डावा अन् दुसरा माइक उजवा असं कार्ड पाठवतं, ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावाजवळच्या मेनूत जाऊन स्टीरिओचे दोन मोनो कर अन् रिकामा उडव. दुसरी, आवाज येतोय पण मोबाइलइतकाच घाण येतोय. तेव्हा लॅपटॉपच्या स्क्रीनच्या काठावर नखाने टकटक कर, ती रेकॉर्डिंगमधे खणखणीत ऐकू आली तर ऑडॅसिटी अजून लॅपटॉपच्या आतल्याच माइकवर आहे, वरती कार्ड निवड.

चार्जर काढून रेकॉर्ड कर. कार्ड यूएसबीवरच चालतं त्यामुळं बॅटरीवर सगळं चालतं, लाइट गेली तरी अडत नाही, अन् मुख्य म्हणजे गुणगुण जाते. आपल्याकडं घराघरात अर्थिंगचा पत्ता नसतो, त्यात इन्व्हर्टर, त्यात शेतीची मोटार, सगळं त्या चार्जरमधून माइकात उतरतं. जुन्या थिंकपॅडची बॅटरी अर्ध्या तासात बसत असंल तर केबलीच्या आधी बॅटरी घे, खरंच सांगतो.

आता तुझ्या पत्रातली सगळ्यात भारी गोष्ट, जी तू उगं जाता जाता लिहिलीस. माळवदाची खोली अन् त्यात कापूस! अगं शहरातली पोरं भिंतीला स्पंजच्या पट्ट्या चिटकवायला हजारो रुपये घालवतात अन् तुझ्याकडं जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छत अन् आत छातीएवढा कापूस. मातीची भिंत बाहेरचा आवाज अडवती, कापूस आतला घुमा पिऊन टाकतो. पुढच्या पत्र्याच्या खोलीत करशील तर दहा हजाराचा माइक सुद्धा डब्यात बोलल्यासारखा वाजंल. भाव यायच्या आत, कापूस घरात आहे तोवर जेवढं होतंय तेवढं उरकून घे, नंतर त्या जागी गोधड्या अन् वाकळी टांगाव्या लागतील. पण कापूस म्हणजे पेट घ्यायला वेळ नाही. मंडळी बसायच्या आधी उदबत्ती लावतात ना, ती बाहेर तुळशीपाशी, निरांजन बाहेर, बिडीवाला बाहेर, अन् वायरी उघड्या असलेला बोर्ड त्या खोलीत न्यायचाच नाही. माइकवर रात्री फडकं टाक, कापसाचं तूस जाळीत जातं.

मंडळाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर का बिघडतं तर मोबाइल स्वतःच्या मनाने आवाज कमीजास्त करतो, टाळ वाजला की त्याला वाटतं लई मोठं झालं, सगळंच खाली ओढतो, त्यात बाबांचा आवाज पण जातो, टाळ थांबला की परत वर. अन् पेटीचा लांब सूर चालू राहिला तर काही मोबाइल त्याला पंख्याचा आवाज समजून दाबतात. तुझं कार्ड असं काही करणार नाही, जे लावलं ते लावलं. त्यामुळं काम तुझ्यावर येतं, अन् ते खुंट्यांनी करायचं नाही, माणसं हलवून करायचं. सी-२ ची जोडी एका स्टँडवर, दोन्हीच्या तोंडात १७ सेंटिमीटर अंतर अन् ११० अंशाचा कोन, हा फ्रेंच रेडिओवाल्यांचा जुना हिशोब आहे, कंपास नसंल तर वीतभर अंतर अन् काटकोनापेक्षा थोडा उघडा. खालची माणसं बसलेली असताना माइक उभ्या माणसाच्या छातीएवढा उंच, तोंड खाली. बाबा सगळ्यात जवळ, पेटी त्यांच्या बाजूला जरा मागं, पखवाज दुसऱ्या बाजूला, अन् टाळकरी पार मागं दाराशी. त्यांना राग येईल. सांग की तुमचा टाळ एवढा खणखणीत आहे की तिथून बी ऐकू येतो, जे खरंच आहे. माइकवरचं ते १० डेसिबल कमी करायचं बटण दाब, मग गजराचा शेवट, जिथं सगळे उभे राहून द्रुत वाजवतात, तो एकदा करून घे अन् त्यावेळी ऑडॅसिटीतलं मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल एवढा गेन ठेव. त्यानंतर खुंटीला हात लावायचा नाही. अभंग चालू असताना आवाज कमी वाटला तरी नाही, तो नंतर वाढवता येतो, फाटलेला टाळ शिवता येत नाही.

पहिल्यांदा दहा मिनिटं घे, सगळ्यांना हेडफोन लावून ऐकव, मग टाळकरी स्वतःच अजून मागं सरकतील.

आज्जीचं वेगळं. जात्यावर बसलेली बाई पुढं-मागं हलते, तोंड माइकपासून हातभर जवळ येतं अन् लांब जातं. आहुजाचा किंवा एसएम ५८ सारखा साधा माइक ओठाशी धरायला बनवलेला असतो, दोन फुटांवर ठेवला तर बारीक आवाज उचलायला गेन शेवटापर्यंत न्यावा लागतो अन् स्वस्त कार्डात तिथं सूं सुरू होतं. म्हणून कंडेन्सर. दोन फूट समोर, तोंडापेक्षा थोडा वर, तिच्या कपाळाकडून हनुवटीकडं बघणारा. जात्याची घरघर फरशीतून स्टँडमधे चढते, म्हणून स्टँडखाली घडी घातलेली वाकळ अन् माइकवरचा खालचा घुमा कापायचा कट चालू. सगळी घरघर मात्र घालवू नको. गंगाखेड तुझ्यापासून फार लांब नाही, जनाबाईची आठवण जात्याशिवाय कोणी काढतं का? दुसरा माइक आहेच, तो जात्याजवळ वेगळा लाव, गुडघ्याच्या उंचीवर, दाणे पडायच्या बाजूला नाही तर पीठ जाईल. नंतर ऑडॅसिटीत दोन्ही ट्रॅक वेगळे ठेवून जातं पाहिजे तेवढंच वाढवायचं. जात्यात थोडे दाणे घालायला लाव, रिकामं जातं फिरवलं तर दगडाचा आवाज टोचतो अन् आज्जी पण शिव्या देईल, दगडाला घातलेली टाकी झिजते म्हणून.

ती गप्प होते त्याचं. स्टँड अन् माइक आत्ताच्या आत्ता जात्यापाशी नेऊन ठेव अन् तसाच राहू दे, त्यावर पदर वाळत घालायला लागली की ती विसरली असं समज. रेकॉर्डिंगच्या दिवशी एकटीला बसवू नको, तिच्या बरोबरीची एखादी जाऊ नाहीतर शेजारीण बोलाव, जात्याला समोरासमोर दोघी असल्या की एकीची ओवी संपते तोवर दुसरीला आठवते, 'म्हण' म्हणायची गरज पडत नाही. पहाटेची वेळ धर, शेतीच्या मोटारी बंद असतील तेव्हा. बटण दाबून बाजूला हो अन् मधे थांबवू नको. ४८ किलोहर्ट्झ अन् १६ बिटने दोन माइकची तासाची फाइल ७०० एमबीपेक्षा थोडी कमी होते, २४ बिटच्या कार्डाने साधारण एक जीबी, डिस्कला त्याचं काही नाही. ऑडॅसिटी काम चालू असताना आतून ३२ बिट वापरतं म्हणून प्रोजेक्ट फुगलेलं दिसतं, ते चालायचंच.

सुरुवातीला तिचं नाव, गाव, माहेर अन् तारीख तुझ्याच आवाजात बोलून ठेव. हेमा राईरकर अन् गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात कोणती ओवी कुठल्या गावच्या कोणत्या बाईची हे लिहिलेलं आहे म्हणून आज ती सापडते, नाहीतर नुसता ढीग झाला असता. ओवी कोणाकडून शिकली हे पण विचार, पण मधे नाही, सगळं झाल्यावर चहा घेताना, अन् तेव्हा रेकॉर्डिंग चालूच असू दे.

मूळ फाइल फ्लॅकमधे (आवाज न बिघडवता लहान केलेली फाइल) दोन ठिकाणी ठेव, एक लॅपटॉपवर अन् एक केंद्रातल्या हार्डडिस्कवर. नातेवाइकांना एमपीथ्री पाठव, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे ते परत दाबत नाही. यूट्यूबवर टाकायच्या आधी मात्र आज्जीला हेडफोन लावून पूर्ण ऐकव. ओव्यांमधे सासूचं, नणंदेचं, भावकीचं बरंच काही येतं, काही ओव्या ती 'ही घरातच राहू दे' म्हणंल. त्या घरातच राहू दे.